अर्ध्या पावलाचा उशीर

हातोड्याचा शेवटचा गोल होऊन अकरा सामने उलटले होते. पहिल्या चार सामन्यांत लोक म्हणाले, नशीब रुसलंय. पुढच्या चारांत म्हणाले, लग्न मानवलेलं दिसत नाही. शेवटच्या तीनमध्ये कुणी काही म्हणेचना. तो मैदानात उतरला की लोक पायऱ्यांवरून उठून चहा प्यायला जायला लागले. खेळाडूला शिव्या बसतात तोवर त्याचं बरं चाललेलं असतं. लोक चहाला उठले, की गाशा गुंडाळायची वेळ आली असं खुशाल समजावं.

हातोडा हे काही त्याचं खरं नाव नव्हे. कोपऱ्यावरून आलेल्या उंच चेंडूवर तो गर्दीत असं डोकं घालायचा, की गोलकीपर आधी स्वतःला वाचवायचा आणि मग चेंडू कुठे गेला ते बघायचा. म्हणून हातोडा. सतराव्या वर्षी त्याला मैदानावर आणलं ते सरांनी. सर म्हणजे संघाचे उपप्रशिक्षक. पुढच्या फळीतली पोरं तयार करणं हे त्यांचं काम. उडी कधी मारायची, मान कधी ताठ करायची, चेंडूला कपाळाचा कुठला भाग द्यायचा, हे सगळं सरांचं शिक्षण. आणि दोन वर्षांपूर्वी सरांच्या एकुलत्या एका मुलीने त्याच्याशीच लग्न केलं. बायको गेल्यापासून सर खालच्या मजल्यावर एकटेच राहत होते. मुलगी आणि जावई वरच्या मजल्यावर आले.

लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी सरांनी नियम घालून दिला. घरी मामा, मैदानावर सर. गल्लत चालायची नाही.

हातोड्याने तो नियम एकदाच मोडला होता. नऊ महिन्यांपूर्वी एका कॉर्नरला त्याचं डोकं समोरच्या बचावपटूच्या डोक्यावर आदळलं आणि तो आडवा झाला. सर धावत पोचले, तेव्हा डोळे मिटून पडल्यापडल्या तो "मामा, मामा" म्हणत होता. पुढे महिनाभर ड्रेसिंग रूममध्ये कुणीही बुटाची नाडी बांधताना "मामा गं" म्हणून कण्हायचा आणि सगळे खो खो हसायचे. हातोडाही हसायचा. तीन आठवडे विश्रांती घेऊन तो परत खेळायला लागला, आणि तेव्हापासून प्रत्येक चेंडूवर त्याला अर्ध्या पावलाचा उशीर होऊ लागला.

उशीर का होतो, हे जगात तिघांनाच माहीत होतं.

पहिल्यांदा लक्षात आलं मुलीच्या. सकाळी तो चहा ओतत होता आणि चहा कपाच्या शेजारी पडत होता, अगदी शांतपणे, धार धरून. तिने हात धरला तेव्हा तो हसला आणि म्हणाला, "दोन कप दिसतात ग. मी चुकीचा निवडला." खाली बघताना कधीमधी, आणि मान वर करून बघितलं की हटकून, त्याला एकाचे दोन दिसत. उंच चेंडू आला की दोन चेंडू येत. कुठला खरा हे ठरवण्यात अर्धं पाऊल जाई.

मुलगी तशीच खाली वडिलांकडे आली. पाठोपाठ तोही आला. सर म्हणाले, डॉक्टरकडे चल. तो म्हणाला, डॉक्टरकडे गेलो की संपलो. मग त्याने सरांचा हात धरून मुलीच्या डोक्यावर ठेवला. "हिची शपथ आहे मामा. कुणाला सांगायचं नाही. महिन्याभरात आपोआप जाईल."

सरांनी शपथ घेतली. घ्यायला नको होती, हे त्यांना तेव्हाही कळत होतं. पण माणसाला जे येतं तेच तो करतो. सुताराला आजार सांगितला तर तो पाट रंधायला घेईल, आणि सरांना सराव घेता येत होता. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांनी मैदानाच्या माणसाकडून चुन्याची बादली मागितली आणि गोलपासून सहा पावलांवर एक आडवी रेष मारली. "या रेषेच्या पुढे जायचं नाही. डोकं घालायचं नाही. वर बघायचंच नाही. चेंडू खाली पडू दे, आणि मग पायाने मार." रोज संघ येण्याआधी तासभर हे चाले, आणि संघ आला की रेष पाण्याने धुऊन टाकली जाई.

"सर, ही रेष कुठल्या नियमातली?" मैदानाचा माणूस एकदा विचारता झाला.

"माझ्या," सर म्हणाले.

महिना गेला, आठ महिने गेले. दोनाचा एक काही झाला नाही. हातोडा रेषेच्या अलीकडे मात्र पक्का थांबायला शिकला. आणि डोक्याने गोल करणारा माणूस डोकं घालेना, तर त्याचं राहतं काय? उरला तो बरा, मेहनती, साधासुधा खेळाडू. तसे कुठल्याही संघाला हवे तेवढे मिळतात.

अशात दुसऱ्या एका संघाकडून निरोप आला. हातोडा आम्हाला द्या, आमचा मधल्या फळीतला खेळाडू तुम्ही घ्या. त्यांचा तो खेळाडू चांगला होता आणि इथे मधली फळी ढेपाळलेली होती. क्लबच्या सेक्रेटरींनी गुरुवारी सकाळी अकराची बैठक लावली आणि सरांना सांगितलं, "तुमचं मत लेखी आणा. एका ओळीत. अदलाबदल करावी किंवा करू नये."

बुधवारी दुपारी सर शर्टाला इस्त्री करत होते, तेव्हा हातोडा खाली आला. बराच वेळ दारातच उभा राहिला.

"मामा, करावी असं लिहा."

सरांनी इस्त्री उभी ठेवली. "तुला जायचंय?"

"इथे मी बाद झालोय मामा. मी आत आलो की लोक चहाला जातात. तुम्हाला काय वाटतं, मला दिसत नाही?" तो हसला. "तेवढं बरोबर दिसतं. तिथे नवी माणसं असतील. नवीन जागी कदाचित सुधारेल."

"डोळ्यांना जागा कळत नाही रे."

"मला कळते ना. मला परत हातोडा व्हायचंय. मामा, रेषेच्या अलीकडे उभं राहून राहून मला माझीच शिसारी यायला लागलीय."

सरांनी इस्त्रीचं बटण बंद केलं. रेष त्यांनीच मारली होती. आठ महिने या पोराला त्यांनी जिवंत ठेवलं की हळूहळू मारलं, हे त्यांचं त्यांनाच ठरवता येईना. तो गेल्यावर त्यांनी कागद घेतला आणि लिहिलं, 'अदलाबदल करावी.' खेळाचा हिशेब बघितला तर तेच खरं मत होतं, आणि जावयालाही तेच हवं होतं. कागदाची घडी त्यांनी इस्त्री केलेल्या शर्टाच्या खिशात ठेवली.

गुरुवारी सकाळी ते निघाले तेव्हा मुलगी जिन्यात उभी होती. रडून डोळे सुजले होते. ती एवढंच म्हणाली, "बाबा, तुम्ही इथे होतात म्हणून रेष होती. तिथे कोण मारणार?"

क्लबचं ऑफिस प्रेक्षकांच्या पायऱ्यांखाली होतं. छत दाराच्या बाजूला उतरतं, त्यामुळे उंच माणसांनी तिथे उठताना डोकं सांभाळायचं. ढालींच्या कपाटाचं दार लागत नसे, म्हणून त्यात कागदाची घडी खोचलेली असे. आणि दाराजवळ एक प्लास्टिकची खुर्ची, भिंतीला टेकवलेली. क्लब सुरू करणाऱ्यांनी एक रीत पाडून ठेवली होती : ज्याच्याबद्दल बोलायचं, त्याला समोर बसवायचं. पाठीमागे कुजबुज नको. मात्र खुर्चीत बसणाऱ्याने तोंड उघडायचं नाही. त्या खुर्चीत बसून भलेभले रडकुंडीला आलेले सरांनी पाहिले होते. आज तिथे हातोडा बसला होता, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, आणि चेहऱ्यावर चक्क आनंद होता.

मुख्य प्रशिक्षकांना सगळे मोठे सर म्हणत. त्यांनी सुरुवात केली. "मी त्यांच्या कोचशी फोनवर बोललो. मी म्हटलं, बाबा रे, अकरा सामने कोरडे गेलेत, नंतर माझ्या नावाने बोंबलू नकोस. तर तो म्हणतो, पायांचं मला काय करायचंय, मला त्याचं डोकं हवंय. दोन्ही बाजूंनी उंच चेंडू टाकणार, सगळे याच्यावर. डोकं गंजलंय म्हणे, रोज शंभर हेडर मारून घेतले की महिन्यात चकचकीत होईल."

"शंभर?" सरांनी विचारलं.

"रोज. माणूस खडूस आहे, पण मेहनत करून घेतो."

सेक्रेटरी म्हणाले, "मग माझी सही झाली. मोठे सर, तुमची? झाली. सर, तुमचा कागद द्या."

सरांनी खिशात हात घातला. घडी बोटांना लागली. समोर हातोडा त्यांच्याकडे बघत होता, लहान मूल निकालाच्या दिवशी बघतं तसा. रोज शंभर. सरांच्या मनात ते शंभर चेंडू एकेक करून पडायला लागले, आणि प्रत्येक चेंडूबरोबर दुसरा, खोटा चेंडू. पंचवीस वर्षांत त्यांना मैदानावर इतकी भीती कधी वाटली नव्हती. हात रिकामाच बाहेर आला.

"त्याला दोन चेंडू दिसतात," सर म्हणाले.

"म्हणजे?"

"वर बघितलं की एकाचे दोन दिसतात. तो अपघात झाला तेव्हापासून. रोज शंभर सोडा, त्याने एकही हेडर मारता कामा नये."

"सर!" हातोडा ताडकन उठला. उतरतं छत त्याच्या डोक्याला लागता लागता राहिलं आणि टेबलाभोवतीचे तिघेही दचकले. "सर, शपथ..."

"बसून घ्या," सेक्रेटरी म्हणाले. "या खुर्चीतून बोलायचं नसतं." मग ते सरांकडे वळले. त्यांचा आवाज अगदी खाली आला होता. "हे तुम्हाला कधीपासून माहीत आहे?"

"आठ महिने."

"आणि आठ महिने तुम्ही काय केलंत?"

"मी रेष मारली," सर म्हणाले.

मोठ्या सरांना काही कळेना. सरांनी सगळं सांगितलं. चुन्याची बादली, पहाटेचा सराव, पाण्याने धुणं, शपथ. सांगताना त्यांनी दाराजवळच्या खुर्चीकडे एकदाही बघितलं नाही. सांगून झाल्यावर बघितलं, तेव्हा खुर्ची रिकामी होती. तो गेल्याचं कुणालाच कळलं नव्हतं.

अदलाबदल बारगळली. हातोड्याला त्याच दिवशी मेंदूच्या डॉक्टरांकडे पाठवण्यात आलं. जखमी खेळाडूला जाणूनबुजून आठ महिने खेळवलं, म्हणून क्लबने सरांनाही घरी बसवलं. शिक्षा कमीच आहे असं त्यांना वाटलं.

आठवड्याने डॉक्टरांचा निकाल आला. आतली एक शीर दुखावलेली होती. अजून एखादा दणका बसला असता तर डोळे गेले असते, कदाचित माणूसही. आता दोनाचा एक होईल, पण सावकाश, वर्षभराने. खेळ कायमचा बंद. मुलगी खाली येऊन वडिलांच्या गळ्यात पडून ढसाढसा रडली. "बाबा, तुम्ही माझा नवरा वाचवलात," म्हणाली. सरांना वाटलं, आता सगळं ठीक होईल. वेळ लागेल, पण होईल.

रविवारी दुपारी ते वर गेले. मुलगी बाजारात गेली होती. दार हातोड्याने उघडलं. खोलीतले पडदे ओढलेले होते आणि बुटांचा जोड पुसून कपाटावर ठेवलेला होता, तळवे वर करून. सर बसले.

"माझ्यावर रागावलास?" त्यांनी शेवटी विचारलं.

"नाही. तुम्ही बरोबर केलंत." आवाजात राग नव्हता. राग असता तर सरांना हायसं वाटलं असतं. "चहा टाकतो."

सर ओट्याकडे बघत राहिले. हातोड्याने कप घेतला आणि डाव्या हाताचं बोट कपाच्या काठावर ठेवलं. जिथे बोटाला काठ लागतो तो खरा कप. मग बोटाच्या अंदाजाने तो सावकाश ओतू लागला. एक थेंब बाहेर पडला नाही. हे त्याने आपलं आपण शोधून काढलं होतं, कुणी रेष न मारता, आणि सरांच्या डोळ्यांत पाणी आलं. या घरात गेली दोन वर्षं त्यांचा रविवारचा चहा तोच करत आला होता. दीड चमचा साखर, आणि वर 'कमी पडली का, मामा?' अशी थट्टा.

हातोड्याने साखरेचा डबा उघडला, चमचा हातात घेतला आणि पाठमोराच थांबला.

"साखर किती घेता, सर?"



"दीड चमचा," ते म्हणाले.