भोवऱ्यावरचा दोर

मित्रांनो, मी एक जुना दोर आहे. नायलॉनचा, अंगठ्याएवढा जाड. नागपूरच्या लष्करी छावणीतल्या कोठारात एका खुंटीवर लटकलेला असतो. कारखान्यातून आलो तेव्हा पांढराशुभ्र होतो. सरावात मला खेचून खेचून जवानांचे तळवे सोलून निघत.

मग तो पूर आला. खापा गावाजवळ कन्हान नदी शेतात घुसली आणि एका गोठ्याच्या छपरावर सात माणसं अडकली. आमच्या तुकडीची प्रमुख होती कॅप्टन भैरवी. तिने छपराच्या समोरूनच बोट सोडायचा हुकूम दिला. तेवढ्यात धोंडबा नावाचा म्हातारा कोळी पुढे आला.

"म्याडम, इथून नका सोडू. मधात भोवरा हाय. वरच्या पिंपळापासून सोडा, धारच तुमाले घेऊन जाईन."

सगळे जवान ऐकत होते. भैरवीने मधलं गरगरणारं पाणी नीट पाहिलं. मग म्हणाली, "माझा हुकूम चुकला. बोट पिंपळाकडे घ्या."

मी थक्क झालो! इतक्या लोकांसमोर स्वतःची चूक इतक्या सहज बोलता येते?

माझं एक टोक तिने स्वतःच्या कमरेला बांधलं. दुसरं काठावर हवालदार नागसेनच्या हाती दिलं. बोट धारेबरोबर अलगद छपराला लागली आणि भैरवी छपरावर चढली. सहा माणसं बोटीत उतरली. सातवी, म्हातारी अंजनाबाई मात्र जागची हलेना.

"तू बी चाल ना वं माय!" ती भैरवीला म्हणाली.

"आधी तुम्ही, आजी. मी शेवटी."

आजी बोटीत बसली आणि छप्पर कोसळलं. भैरवी पाण्यात गेली. तिचा सगळा भार माझ्यावर आला. माझा एक पीळ तटकन तुटला. नागसेनने मला सोडलं नाही. हात रक्ताळले, पण त्याने तिला काठावर ओढलं.

तिने श्वास घेतला आणि आधी त्याचे तळवे पाहिले. स्वतःच्या हाताने मलम लावलं, मगच चहाचा कप घेतला. संध्याकाळी मोठे साहेब शाबासकी द्यायला आले. ती म्हणाली, "सर, रस्ता धोंडबांनी दाखवला. मी चुकीच्या रस्त्याने निघाले होते."

आता मी कामाचा राहिलो नाही. धूळ खातो. कुणी मला टाकून द्यायला निघालं, की नागसेन अडवतो.

मित्रांनो, उद्या तुमच्या हाती दोर आला, तर आधी तो बोटांनी चाचपून पाहा. काम झालं की चिखल धुऊन सावलीत वाळवा. त्याच्या दुसऱ्या टोकाला कुणाचा तरी जीव असतो.