बाईसाहेबांना न आवडलेला कोबा

मी एक जुना कोबा आहे. कोबा म्हणजे वाळू, खडी आणि सिमेंट कालवून केलेली जमीन. मित्रांनो, तुम्ही म्हणाल, जमिनीला कसले आलेय आत्मवृत्त! पण माझ्यावर माणसांनी फार माया केली आहे, ती सांगितल्यावाचून राहवत नाही.

मला घडवणारा गवंडी घरांच्या कामात नावाजलेला होता. त्याच्या थोरल्या बहिणीकडे सात शेळ्या होत्या. गोठ्यातली माती मुताने भिजून चिखल होई आणि त्यात उभ्या राहून शेळ्यांचे खूर कुजत. एक दिवस भाऊ आपणहून सामान घेऊन आला. "ताई, तुझ्या शेळ्यांना दिवाणखान्यासारखी जमीन करून देतो," म्हणाला आणि त्याने अगदी तसेच केले. वरून कोरे सिमेंट भुरभुरवून त्याने मला घोट घोट घोटले. वाळल्यावर मधोमध गोटी ठेवली, ती तसूभरही हलली नाही. ताईने वाकून माझ्यात आपला चेहरा पाहिला. मी तर फुगूनच गेलो. गोठ्याला गुळगुळीतपणा नको असतो आणि सपाटीही नको असते, हे आम्हा तिघांच्याही ध्यानात आले नाही.

सर्वांत आधी बाईसाहेब आत आल्या. कळपातल्या थोरल्या, तोऱ्यात चालणाऱ्या शेळीला सगळे बाईसाहेबच म्हणत. त्यांचे चार पाय चार दिशांना गेले आणि त्या पोटावर आदळल्या. त्या गाभण होत्या. ताईने पोट चाचपले. आतले पिल्लू हलले, तेव्हा कुठे तिच्या जिवात जीव आला.

त्यानंतर बाईसाहेब दारातच पाय रोवून उभ्या राहू लागल्या. मला उतार नसल्याने मुताची डबकी साचत. ताई पोती अंथरी, ती भिजत, मग ती वाळत घाली. एवढे सोसूनही भावाला मात्र तिने अवाक्षर सांगितले नाही.

"अगं, सांग की त्याला," शेजारीण म्हणाली.

"नको गं. एवढ्या हौसेनं केलंय त्यानं. हिरमुसेल."

विण्याचे दिवस जवळ येत होते. नुकते जन्मलेले ओले पिल्लू माझ्यावर उभे कसे राहणार, या विचाराने मी धास्तावलो. मला काही स्वतःला ओरबाडून घेता येत नव्हते.

एके सकाळी भाऊ एका गिऱ्हाइकाला आपले काम दाखवायला घेऊन आला. मोठ्या दिमाखात त्याने पोती बाजूला सारली, दोन पावले टाकली आणि धप्पकन आडवा झाला. "काम गुळगुळीत आहे खरं," गिऱ्हाईक हसू दाबत म्हणाले.

भाऊ हसला नाही. त्याने ओल्या पोत्यांकडे पाहिले, दारात अडलेल्या बाईसाहेबांकडे पाहिले.

"ताई, बाईसाहेबही पडतात का गं?"

ताईने मान डोलावली.

"मग बोलली का नाहीस?"

"तुला वाईट वाटलं असतं रे."

"आणि त्यांचं पिल्लू गेलं असतं म्हणजे?"

त्याच दुपारी तो छिन्नी-हातोडा घेऊन बसला. तीन दिवस त्याने स्वतःचेच सुंदर काम स्वतःच्या हाताने बिघडवले. अंगभर बारीक घाव घातले आणि दारापासून मागच्या भिंतीलगतच्या नालीपर्यंत चर खोदले, दाराकडे उथळ, नालीकडे खोल. मला दुखले, खोटे कशाला बोलू? माझे आरशासारखे रूप गेले. पण पाणी नालीकडे वाहू लागले आणि वर कोरडा पेंढा पसरला गेला. बाईसाहेबांनी मला हुंगले, एक खूर दाबून पाहिला आणि तोऱ्यात आत आल्या.

चौथ्या दिवशी त्या व्यायल्या. पिल्लू धडपडत उठले. मागचा पाय सरकला आणि एका चरात अडकला. पिल्लू उभे राहिले.

"अडकला बघ खूर," भाऊ हळूच म्हणाला. ताईने डोळ्याला पदर लावला.

मित्रांनो, माझ्यासारख्यांना रोज झाडा, चर तुंबू देऊ नका, पेंढा कोरडा ठेवा. आणि आपल्या माणसाचे चुकले तर वेळेवर सांगा. मी आता म्हातारा झालो. खुरांनी घासून घासून माझे घाव बुजत चालले होते. परवाच बाईसाहेबांची पणती माझ्यावर जराशी सरकली. ताईने कुणाचीही वाट पाहिली नाही. दारातूनच हाक मारली, "अरे ए, तुझा कोबा पुन्हा गुळगुळीत झालाय! छिन्नी घेऊन ये!"

आणि पांढऱ्या केसांचा माझा गवंडी हसत हसत आला.