त्रेसष्टाव्या पानावरचा शेरा

मी एक जुना चौथा भाग आहे. 'शौर्यकेतूच्या साहसकथा' या बारा भागांच्या मालेतला. माझं पूर्ण नाव 'कृष्णारण्याचा राक्षस'. मित्रांनो, तुम्हाला मित्र म्हणायची पद्धत आहे म्हणून म्हणतो, एरवी मुलांबद्दल मला फारसं प्रेम नाही. तुमच्या बोटांना चिंच लागलेली असते, तुम्ही थुंकी लावून पानं उलटता, आणि तुमच्यातली एक तर चक्क पेन्सिल घेऊन वाचायला बसायची. ती माझी वैरीण. तिच्याबद्दलच सांगायचं आहे.

माझा जन्म १९८४ साली पुण्यातल्या एका छापखान्यात झाला. मुखपृष्ठावर पांढरा घोडा, घोड्यावर राजपुत्र शौर्यकेतू आणि खाली कोपऱ्यात दात विचकणारा काळाकुट्ट राक्षस करालमुख. त्या वर्षी मुलं आमच्या मालेवर नुसती तुटून पडत होती. माझ्या लेखकाने उभ्या जन्मात जंगल पाहिलं नव्हतं, पण पुण्यात त्याला ते कुणी विचारलं नाही. माझं नशीब फुटकं. मला गठ्ठ्यात बांधून आधी चंद्रपूरला आणि तिथून एस.टी.च्या टपावरून अहेरीच्या बाजूला, थेट जंगलात पाठवलं.

तिथल्या एका गावात लाकूड डेपोच्या मागच्या खोलीत बालवाचनालय होतं. वनखात्यातून निवृत्त झालेले कारकून बापूराव ते चालवत. त्यांचा एकच कडक नियम होता. पुस्तक परत करताना अभिप्रायाच्या वहीत दोन ओळी लिहायच्या, नाहीतर पुढचं पुस्तक मिळणार नाही. मुलं हुशार. 'पुस्तक फार छान आहे. मला खूप आवडले.' एवढं खरडून पळायची. निम्म्यांनी विसाव्या पानापुढे मला उघडलेलंही नसायचं. बापूरावांचा पुतण्या मुकुंद तर दर वेळी लिहायचा, 'मला शौर्यकेतूसारखे व्हावेसे वाटते.' तो मला आवडायचा. खोटं कशाला बोलू?

आणि मग आली यशोधरा. बारा वर्षांची, फायर वॉचर हरिदासची मुलगी. फायर वॉचर म्हणजे उन्हाळाभर जंगलाला आगीपासून राखणारा आणि लागलीच तर ओल्या डहाळीने झोडपून विझवणारा माणूस. ही पोरगी सुट्टीत बापाची शिदोरी घेऊन जंगलात जायची आणि परत येऊन आम्हाला वाचायची. वहीतले तिचे अभिप्राय मला अजून पाठ आहेत. पहिला भाग: 'बरा आहे.' दुसरा भाग: 'पहिल्याचीच गोष्ट आहे. घोड्याचा रंग बदलला आहे.' तिसरा भाग: 'राजकन्या पुन्हा बेशुद्ध पडली. हिला डॉक्टरकडे न्यावे.'

बापूरावांनी डोक्याला हात लावला. "काऊन वं, असं कायले लिवतं? बाकीच्या पोरायले आवडते न हे पुस्तकं."

"आवडू द्या न भाऊ. मले नाई आवडत."

"मंग नेतं कायले?"

"पुढं काय होते ते पाहाचं हाये न!"

मग तिने मला नेलं. एकदा नाही, सात वेळा नेलं. वहीत दोनच ओळी मावत, म्हणून उरलेलं ती माझ्या समासात लिहू लागली. नवव्या पानावर शौर्यकेतूला पाहून वाघ डरकाळ्या फोडत धावून येतो, तिथे तिने लिहिलं, 'वाघ असा सांगून येत नाही. सांगून आला तर उपाशी मरेल.' बाविसाव्यावर लिहिलं, 'चार दिवस चालतो आहे. पाणी कुठे पितो?' एकेचाळिसाव्यावर करालमुखाचं वर्णन आहे. काळा रंग, कुरळे केस, कमरेला पानं. त्याच्या शेजारी तिने पेन्सिल इतकी दाबली की मागच्या पानावर वळ उठले. 'याने अजून कोणाचे काहीच केलेले नाही. तो आपल्या घरी बसला आहे. राजपुत्रच त्याच्या घरात शिरला.'

माझा नुसता जळफळाट व्हायचा. छापलेल्या शब्दाला बारा वर्षांच्या पोरीने असं बोलावं?

पण तिचा खरा राग त्रेसष्टाव्या पानावर होता. तिथे शौर्यकेतू डोंगरमाथ्यावर उभा राहून पेटते बाण सोडतो, क्षणात सगळं कृष्णारण्य भस्म होतं आणि देव पुष्पवृष्टी करतात. तिने वर-खाली, आडवंतिडवं, मिळेल त्या जागेत लिहिलं होतं: 'अशी आग लागत नाही. वरून लावलेली आग हळू उतरते. दुपारी वारा खालून वर चढतो, म्हणून आग खालून लागली तर पळायलाही मिळत नाही. लेखकाने चैतात इकडे यावे आणि डहाळी घेऊन उभे राहावे.'

हा शेरा पुढे तिच्याच गळ्याशी आला.

१९८६ चा चैत. मुकुंदने मला कपाटातून काढलं. किल्ली त्याच्याच घरी टांगलेली असायची, त्यामुळे नोंदबिंद काही नाही. तो मला घेऊन गावामागच्या टेकडीच्या माथ्यावर गेला. टेकडीच्या उतारावर वनखात्याचं सागाचं रोपवन होतं. त्याने त्रेसष्टावं पान उघडून मला दगडावर ठेवलं, घरून आणलेल्या धनुष्याच्या बाणाला रॉकेलचं फडकं गुंडाळलं, काडी ओढली आणि बाण सोडला. खरं सांगतो, मला अभिमान वाटला. माझं ऐकणारं कुणीतरी भेटलं होतं!

बाण दहा पावलांवर वाळल्या गवतात पडला. गवताने पेट घेतला तसा आमचा शौर्यकेतू बोंबलत पळाला आणि मी दगडावरच राहिलो. माझा एक कोपरा करपला. तेवढ्यात खालून हरिदास आणि त्याचा साथीदार वारलू डहाळ्या घेऊन धावत आले. आग हळूहळू उतरत होती. जाळरेषेपाशी, म्हणजे आग अडावी म्हणून आधीच जाळून ठेवलेल्या पट्ट्यापाशी, त्यांनी ती झोडपून मारली. हरिदासने मला उचललं. उघड्या पानावर त्याला लेकीचं अक्षर दिसलं. तो तिथेच बोट ठेवून सगळं वाचू लागला. वाचून झाल्यावर त्याने मला सदऱ्यात घातलं. मला वाटलं, आता हा मला नाल्यात फेकणार. त्याने मला नेऊन रेंजरसाहेबांच्या टेबलावर ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांना बोलावणं आलं. बापूरावांनी अक्षर लगेच ओळखलं. नोंदवहीत शेवटचं नावही यशोधरेचंच होतं.

"पाहा साहेब," ते म्हणाले, "आग कशी लावाची ते अख्खं लिहून ठेवलं हाये. आन राखणदाराचीच पोरगी!"

"तू लावलीस?" साहेबांनी विचारलं.

"नाई," यशोधरा म्हणाली. बापाचं काम जाणार हे तिला कळत होतं. उन्हाळ्याचं ते एकच काम त्यांच्या घरात होतं.

हरिदास पुढे झाला. "साहेब, हे मीच शिकवलं हाये तिले. इझवणाऱ्याले हे मालूम असाच लागते. आता तुमीच सांगा, आग कुठून लागली? माथ्यावरून. जशी पुस्तकात छापली हाये तशी. माह्या पोरीनं लिवलं तशी लागली असती त दहा वर्साचं रोपवन एका दुपारी गेलं असतं. तिले लावाचीच असती त ती माथ्यावर कायले गेली असती?"

साहेब स्वतः टेकडीवर जाऊन काळा डाग पाहून आले आणि हरिदासचं काम राहिलं. मुकुंद दारात उभा होता. त्याने तोंड उघडलं नाही आणि मीही नाही. मला तोंड नाही, ही माझी सबब. त्याची कोणती होती ते त्यालाच ठाऊक.

बापूराव मात्र हट्टाला पेटले. वाचनालयात यायचं असेल तर आधी सगळे शेरे पुसायचे आणि वहीत 'पुस्तक छान आहे' असं लिहायचं, असं त्यांनी बजावलं. पाचवा भाग नुकताच आला होता आणि समोरच ठेवला होता. यशोधरा त्याच्याकडे बघत बघत खोडरबर चालवत होती. वाघ पुसला, पाणी पुसलं. एकेचाळिसाव्या पानावर ती रडली, पण तेही पुसलं. त्रेसष्टाव्यावर आली आणि तिने खोडरबर खाली ठेवलं.

"हे नाई पुसत मी, भाऊ. हे खरं हाये. पुसाचं असन त छापलेलं पुसा."

ती उठून गेली. पाचवा भाग तसाच राहिला. वहीतही तिने काही लिहिलं नाही. ती परत कधी आली नाही.

मला वाटलं, सुटलो. त्यानंतर तीन वर्षं मला सगळ्यांनी छान म्हटलं आणि पहिल्या वीस पानांपलीकडे कुणी आलं नाही. मग एका दुपारी मुकुंद आला. मिसरूड फुटलेलं. तो दार लोटून बसला आणि त्याने थेट त्रेसष्टावं पान काढलं. तिच्या शेऱ्याखाली त्याने शाईने लिहिलं, 'आग मी लावली होती. हिचे बरोबर आहे.' खाली सही केली. मग मला कपाटात अगदी मागे सारलं आणि निघून गेला. कुणाला सांगायला तो गेला असेल असं मला वाटत नाही.

मित्रांनो, अशा वेळी पुस्तकं जपा, त्यांना कव्हरं घाला, असं सांगायचं असतं. घाला हवी तर. पण मला त्या कपाटातून बाहेर काढा आणि हरिदास फायर वॉचरच्या यशोधरेला शोधून तिच्या हातात द्या. माझा तिच्यावरचा राग गेलेला नाही, तो जाणारही नाही. मी माफी मागतोय असंही तिला सांगू नका. एवढंच सांगा, की बारावा भाग आलाय, त्यात चुकांचा नुसता सुळसुळाट आहे आणि सांगणारं इथे कुणी उरलेलं नाही. येताना पेन्सिल आण म्हणावं.