आकाशवाणीवाले

कशेळीच्या पुलावर गाडी चढली तेव्हा प्रभाकररावांनी गळ्याशी हात नेऊन सदऱ्याचं वरचं बटण चाचपलं, आणि ते त्यांना आतल्या बाजूला लागलं. सदरा उलटा घातला होता. शिवणी सगळ्या बाहेर.

त्यांनी हळूच सुनेकडे पाहिलं. हेमांगीचं लक्ष पुढच्या कंटेनरकडे होतं.

"दिसलंय मला," ती म्हणाली. "लिफ्टमध्येच दिसलं होतं. म्हटलं, आत्ता बोलले तर हे जायचंच रद्द करतील."

"नाही गं. तसं काही..."

"बाबा, चष्म्याचं घर सापडलं नाही म्हणून आपण शहाण्यांच्या मुंजीला गेलो नव्हतो."

 प्रभाकररावांनी पट्टा सोडला आणि बसल्या बसल्या सदरा डोक्यावरून काढला. क्षणभर डोकं कापडातच अडकलं. आत सगळं पांढरं होतं, उजेड होता, कपाटातल्या कापराचा वास होता, आणि पुलावरचा आवाज कुठून तरी फार लांबून येत होता. इथेच राहता आलं तर बरं, असं त्यांना वाटलं. मग डोकं बाहेर आलं आणि खाली खाडी दिसली.

ओहोटी होती. तिवरांच्या मुळांपाशी चिखल चकाकत होता. मेट्रोचे खांब धुरकट उन्हात एकामागे एक विरत गेले होते, आणि मधल्या पाण्यावर एक होडी होती. ती पुढे जात होती की नुसतीच उभी होती, ते कळत नव्हतं. काल दुपारीसुद्धा एक होडी किनाऱ्यावरून सुटली होती. पण ती कादंबरीतली. वाचता वाचता होडी वळणावर आली आणि फोनवर ऐकणारे दौलतराव म्हणाले, "थांब. पुढचं उद्या. सगळं एकदम संपवू नकोस." प्रभाकररावांनी खूण घालून पुस्तक मिटलं होतं.

आज सकाळी दौलतरावांच्या नंबरावरून फोन आला तो त्यांच्या मुलाचा. "काका, मी सुदेश. बाबा गेले पहाटे. झोपेतच. बाराच्या सुमाराला न्यायचं ठरतंय. तुम्ही..." प्रभाकरराव "निघतो" एवढंच म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवून दिला. आणखी एक शब्द बोलायला गेले असते तर आवाज फुटला असता, आणि परक्या मुलाच्या कानात आपला आवाज फुटावा हे त्यांना बरं वाटेना.

"जवळचे होते का हो?" हेमांगीने विचारलं.

रांजणोलीचा सिग्नल आला, सुटला. काल्हेरपासून सुरू झालेली गोदामं मागे पडली होती. प्रभाकरराव काचेबाहेर पाहत राहिले.

खरंच, जवळचे होते का? ओळख कल्याणातल्या एका वाचनालयातली. तळ्याच्या बाजूच्या खिडकीपाशी दोघं बसायचे. प्रभाकरराव छापखान्यात मुद्रितं तपासण्यात जन्म घालवून निवृत्त झालेले. दौलतराव मोहन्याच्या कारखान्यात फिटर होते. कारखाना थांबला तेव्हा ते वर्तमानपत्रं वाचायला एवढ्या लांब येऊ लागले. पहिल्याच आठवड्यात त्यांनी "अरे प्रभाकर" सुरू केलं. प्रभाकरराव शेवटपर्यंत "दौलतराव, तुम्ही" असंच म्हणत राहिले. पुढे बायको, सुमती, गेली आणि प्रभाकरराव बाळकुमला मुलाकडे, केदारकडे, राहायला आले. तिकडे दौलतरावांची नजर मंदावत गेली. मग एका दुपारी त्यांचा फोन आला. "मला अक्षर दिसत नाही आणि तुला बोलायला कोणी नाही. वाच काहीतरी."

तेव्हापासून रोज दुपारी जेवणं झाली की प्रभाकरराव वाचायचे. प्रवासवर्णनं, कादंबऱ्या, कधी नुसतंच पंचांग. छापील चूक दिसली की ते अडखळायचे आणि सुधारून वाचायचे. दौलतरावांना ते बरोबर कळायचं. "काय खोडलंस रे? आहे तसं वाच. चुकीला पण ऐकू दे." कधी पलीकडून घोरल्यासारखा आवाज यायचा. प्रभाकरराव थांबले की लगेच, "घोरतोय कुठे? हुंकार देतोय."

पण याला मैत्री म्हणायची का? माणसाला झोप येत नसेल, वेळ जात नसेल, समोरच्याचं मन मोडवत नसेल. प्रभाकररावांना हे पुष्कळदा वाटून गेलं होतं. एकदा घरी ये, असं दौलतराव म्हणायचे, आणि ते "येऊ की" म्हणायचे. कशाला जायचं? घर तर त्यांना माहीतच होतं. कान लावून लावून त्यांनी ते उभं केलं होतं. डाव्या हाताला स्वयंपाकघर, कारण कुकर डावीकडून वाजतोय असं वाटायचं. खिडकीखाली पिठाची गिरणी. मागे गळका नळ. दौलतरावांच्या बायकोच्या, कलावतीबाईंच्या, बांगड्या वाजत पलंगाजवळून जायच्या आणि चहाचा कप टेकल्याचा आवाज यायचा. त्या घरात ते रोज जाऊन येत होते. फक्त शरीराने गेले नव्हते.

"बाबा?"

"ओळखीचे होते," प्रभाकरराव म्हणाले.

दुर्गाडीच्या पुलाशी गाडी रखडली. त्यांचा डोळा लागला असावा, कारण मध्येच ते होडीत होते आणि वल्ही कुणीच मारत नव्हतं. जागे झाले तेव्हा शहाडचा उड्डाणपूल मागे पडला होता आणि रस्त्याच्या कडेला कारखान्याची लांबच लांब भिंत धावत होती. भिंतीवर पिंपळ उगवले होते.

गल्लीच्या तोंडाशी हेमांगीने गाडी थांबवली.

"आत नाही जायची गाडी. मी येऊ बरोबर?"

"नको, नको. तुझी ती मीटिंग आहे ना."

"ती इथून करते, झाडाखाली बसून. तुम्ही सावकाश या. आणि फोन चालू ठेवा हं."

त्यांनी मान हलवली. पण गल्लीत शिरताना त्यांच्या मनात आलं, तिथे सगळे गप्प उभे असतील आणि आपल्या खिशात फोन वाजेल. त्या कल्पनेनेच त्यांचे कान तापले. भिंतीकडे तोंड करून त्यांनी फोन बंद केला आणि पूर्ण विझल्याची दोनदा खात्री करून घेतली.

गिरणी होती, पण बंद. दारावर आडवी फळी लावली होती. घर मात्र त्यांनी उभं केलं होतं त्याच्या बरोबर उलटं निघालं. स्वयंपाकघर उजवीकडे होतं. आपलंच घर आरशात पाहावं तसे ते अंगणाच्या कडेला थबकले. अंगणात बायकापुरुष दाटीने उभे होते. मध्ये तिरडी बांधून तयार होती आणि तिच्यावर, वरच्या कापडाच्या फाटक्या सावलीत, दौलतराव निजले होते. चष्मा काढलेला. वाचनालयात ते चष्मा कधीच काढत नसत.

जवळ जावं, हार घालावा. पण पहिल्या रांगेत घरची माणसं होती, दुसऱ्या रांगेत शेजारची. प्रभाकरराव तिसऱ्या रांगेच्याही मागे, भिंतीला लागून ठेवलेल्या खुर्च्यांपैकी शेवटच्या खुर्चीवर टेकले. हाराची पिशवी त्यांनी मांडीवर ठेवली.

"बसा अण्णा, नीट बसा," शेजारच्या खुर्चीवरचा धिप्पाड माणूस सरकत म्हणाला. "मी रवींद्र. बाजूलाच राहतो. तुम्ही कंपनीतले का?"

"नाही. मी आपला... ओळखीचा."

"टाइम लागणार अजून. तसं सकाळपासून सगळं रेडी आहे. पण आमची कलावतीमावशी अडून बसलीये."

"का बरं?"

रवींद्रने तोंडापाशी हात धरला. "आकाशवाणीवाले यायचेत."

"आकाशवाणी?"

"तेच ना! आपण पण चाट. दौलतमामांची एवढी वरपर्यंत ओळख, कधी बोलले नाहीत आपल्याला. मावशी म्हणते, ते साहेब आल्याशिवाय तिरडीला हात लावायचा नाही. आता साहेब लोक, त्यांचं काय, येतील टाइम मिळेल तसे."

प्रभाकररावांनी पिशवीचे बंद बोटाला गुंडाळले. तर दौलतरावांना रेडिओवरचा मित्र होता. भारदस्त, कमावलेला आवाज असणार त्याचा. श्वास कुठे घ्यायचा हे शिकलेला माणूस. आणि आपण रोज त्याच कानांत खोकत, अडखळत, पानं उलटताना थुंकी लावत वाचत आलो. दौलतराव हुंकार देत राहिले. भला माणूस. त्यांना तो रेडिओवाला कधी वाचून दाखवत असेल का? मग आपल्याला कशाला? बंद बोटात रुतला तसा त्यांनी तो सोडवला.

निदान मुलाला भेटावं म्हणून ते उठले. सुदेश उंबऱ्याशी पाठमोरा उभा होता. दौलतरावांसारखेच रुंद खांदे. पण त्याने फोन कानाला लावला होता. फोनवरच्या माणसाला मध्येच कसं बोलायचं? प्रभाकरराव थांबले. सुदेशने फोन खाली घेतला, बटण दाबलं, पुन्हा कानाला लावला. प्रभाकरराव परत खुर्चीवर येऊन बसले.

"स्विच ऑफ!" सुदेश घरात बघून म्हणाला. "आई, अगं फोनच बंद लागतोय त्यांचा. कुठवर थांबायचं?"

आतून बांगड्यांचा आवाज आला नाही. फक्त आवाज आला, कोरडा आणि ठाम. "निघतो म्हणाले ना तुला?"

"म्हणाले. पण..."

"मग येतील."

कसं नशीब एकेकाचं, असं प्रभाकररावांच्या मनात आलं.

ऊन चढलं. कापडाची सावली सरकत सरकत दौलतरावांच्या छातीवरून वर चेहऱ्याकडे गेली. कुणीतरी कापड ओढून पाहिलं, ते पुरेना. एक बाई पदराने चेहऱ्यावर वारा घालत बसली. स्मशानातून निरोप आला की मागून दुसरीकडची माणसं येऊन थांबलीत. गुरुजींनी दोनदा घड्याळ पाहिलं.

"साहेब एसी गाडीत असतील," रवींद्र पुटपुटला. "त्यांना काय ऊन लागतंय?"

कुणीतरी हसलं. मग आणखी कुणीतरी.

ऊन आता हनुवटीवर होतं. प्रभाकरराव ते पाहत होते. ओठांवर आलं. मग मिटलेल्या डोळ्यांवर आलं, ज्या डोळ्यांना उजेडाचा इतका त्रास व्हायचा की दुपारी वाचन सुरू होण्याआधी कलावतीबाई खिडकीचा पडदा ओढायच्या. पडद्याच्या कड्या सरकल्या की प्रभाकरराव पहिलं वाक्य वाचायचे. इथे एवढी माणसं होती आणि एकाच्याही हे ध्यानात येत नव्हतं.

आपण उठून उभे राहिलोय हे त्यांना कळलं तेव्हा हाराची पिशवी पायाशी पडली होती.

"उचला त्यांना," ते म्हणाले.

माना वळल्या. जन्मात इतकी माणसं एकदम त्यांच्याकडे वळली नव्हती. आवाज, आश्चर्य म्हणजे, कापत नव्हता.

"कोण मोठे असतील ते असोत. ज्यांना फोन चालू ठेवायचं सुचत नाही, वेळेवर यायचं कळत नाही, अशा माणसासाठी यांना उन्हात का ठेवलंय? यांच्या डोळ्यांना ऊन सोसत नाही. तो माणूस मित्र असता तर धावत आला असता. उचला तुम्ही. नका त्याची वाट बघू."

 सुदेशचा फोन कानापाशीच राहिला होता. रवींद्र तोंड उघडं टाकून त्यांच्याकडे पाहत होता.

घरात बांगड्या वाजल्या. पलंगापासून दारापर्यंत वाजत आल्या आणि कलावतीबाई उंबऱ्यावर उभ्या राहिल्या. लहानखुऱ्या, डोईवर पदर, रडून रडून कोरडे झालेले डोळे. त्यांनी अंगणावरून नजर फिरवली, अंधारातून आलेलं माणूस फिरवतं तशी, अंदाजाने.

"सुदेश," त्या म्हणाल्या, "फोन ठेव. आले ते."

"कुठायत?"

"आता बोलले नाहीत का? रोज दुपारी ह्या घरात बोलतात, मला कळायचा नाही होय आवाज?" त्यांचा स्वर हलला. "तुझे बाबा म्हणायचे बघ, गप बसा सगळी, माझी आकाशवाणी लागली. आले ते. आता उचला."

सगळं अंगण वळून भिंतीकडच्या त्या शेवटच्या खुर्चीकडे पाहू लागलं. आणि आता कोण आलं ते बघायला प्रभाकररावांनीही मागे वळून पाहिलं.