पाणी डावीकडे आहे

कार्यक्रमांना येणारी गर्दी सांभाळण्याचं काम ताई चौदा वर्षं करत होती. हाताखाली चाळीस माणसं. वयानं मोठी होती तीही तिला ताईच म्हणायची. नव्यांना ती एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगे, "स्टेजकडे बघायला लोक आलेत. तुम्ही लोकांकडे बघा. कुणाला स्वतःचा हात वर काढता येत नाही असं दिसलं, की मला कळवा."

त्या दिवशी भर उन्हाळ्यात, दुपारी चारला उघड्या मैदानावर गाण्यांचा कार्यक्रम होता. मैदान आठ हजारांचं. साडेतीनलाच आत दहा हजार माणसं होती. मांडव फक्त पाहुण्यांच्या खुर्च्यांवर; बाकीच्यांच्या डोक्यावर ओढण्या, रुमाल, पुठ्ठे.

"साहेब, फाटक बंद करते," तिनं वॉकीटॉकीवर आयोजकाला सांगितलं.

"बंद केलंत तर बाहेर राडा होईल. माणसं मावतात हो, ताई. जरा सरकून घ्यायला सांगा."

फाटक उघडंच राहिलं. उजव्या बाजूला यायचा पाण्याचा टँकर रस्त्यात अडकला होता. डावीकडे, गर्दी अडवायला लावलेल्या कठड्याच्या टोकाशी नळांची एक रांग होती, तेवढंच काय ते पाणी. चार वाजायच्या आत सात जणांना चक्कर आली. आठवी बाई तर ताईच्या समोरच कोसळली. ताईनं आपल्या बाटलीतलं पाणी तिच्या तोंडावर मारलं आणि मान वर केली, तर कठड्यापलीकडचे सगळे तिच्या हातातल्या बाटलीकडे बघत होते.

ती तडक स्टेजवर गेली आणि निवेदकाला म्हणाली, "सांगा त्यांना, पाणी डावीकडे आहे."

त्यानं सांगितलं. गोड आवाजात, दोनदा.

मैदान वळलं. कुणी धावलं नाही, कुणी ओरडलं नाही. दहा हजार माणसांनी फक्त डावीकडे दोन-चार पावलं टाकली. पण पुढे लोखंडी कठडा होता आणि मागच्यांना तो दिसत नव्हता; पुढचे त्यावर चेंगरायला लागले. ताईला ते त्याच क्षणी कळलं. तिनं माइक हिसकावून घेतला. "थांबा! मागे सरका! मागच्यांनी आधी मागे सरका!" मागचे सरकले, पण फार हळू. तिच्या माणसांनी कठडा उपटून काढेपर्यंत अकरा मिनिटं गेली.

तीस-चाळीस जण जखमी झाले. शिवणकाम करणारी एक बाई गेली. नवऱ्याबरोबर आली होती.

चौकशी बसली. आयोजकांनी सांगितलं, उष्माघात. डॉक्टरांचा कागदही तसाच होता. ताईचा भाऊ पेपर घेऊन आला.

"तुझं नाव कुठेच नाही. आता गप्प बस."

"दादा, ती घोषणा मी करायला लावली."

"तहानलेल्याला पाणी दाखवलंस. त्यात काय चुकलं?"

"एकदम सगळ्यांना दाखवलं. आधी आपली माणसं उभी करायची, वाट मोकळी ठेवायची, मग थोड्याथोड्यांना सोडायचं. मीच शिकवते हे."

"शिकव ना मग. पुढेही शिकवायचंय ना?"

दुसऱ्या दिवशी तिनं जाऊन जबाब दिला. फाटकाचं सांगितलं, टँकरचं सांगितलं आणि घोषणेचंही. अहवाल आला तेव्हा फाटक आणि टँकर दोन ओळींत आटोपले होते. घोषणेवर तीन पानं होती. तिचं काम गेलं. आयोजकांनी हात झटकले. चाळीसांपैकी दोघांनी फोन केला, तोही चोरून.

मग ती त्या बाईच्या घरी गेली. खोली लहान होती. शिलाई मशीनवर कुणाचातरी अर्धा शिवलेला झगा तसाच पडला होता. नवऱ्यानं खुर्ची पुढे केली. ताईनं उभ्यानंच सगळं सांगितलं, काही न गाळता.

तो म्हणाला, "घोषणा झाली तेव्हा ती खूश झाली होती. म्हणाली, बघा, कुणीतरी आहे आपल्याकडे लक्ष ठेवणारं. माझा हात धरून तीच पुढे निघाली. मग गर्दीत हात सुटला, नंतर ती मला दवाखान्यातच दिसली."

ताईची नजर मशीनवरच्या झग्यावर गेली.

"अहवाल काही माझ्यापर्यंत आला नाही. इतके दिवस मला वाटत होतं, उन्हानं गेली. उन्हावर रागवता येत नाही, म्हणून गप्प होतो. तुम्ही सांगून मोकळ्या झालात, बाई. आता मी काय करू?"

तो दाराकडे बघत नव्हता, तिला जा म्हणतही नव्हता. बाहेर ऊन रणरणत होतं. ताई खुर्चीच्या कडेवर टेकली. तो पुढे काही बोलेल म्हणून थांबली. तिला उठवेना.