दुसरा वेढा

“जायफळाचा एकच वेढा, बाय. पोर किती का रडंना, दुसऱ्या वेढ्याला हात थांबला पायजे.”

बकुळाच्या पहिल्या बाळंतपणात सासूने दिलेली ही शिकवण. सहाणेवर जायफळ एकदा गोल फिरवायचं, उतरलेलं दुधात कालवून चाटवायचं, की तान्हं झोपतं. बकुळाची पोरं अशीच वाढली. सासू गेली, सहाण राहिली.

आता नात, राजसी. दात येत होते, घरात कुणाचा डोळ्याला डोळा लागत नव्हता. सून किर्ती सकाळीच उल्हासनगरला, कॅम्प पाचातल्या कारखान्यात जीन्स शिवायला जायची. इकडे बकुळाचं भात बेणणीला आलेलं, गवत डोक्यावर चाललेलं.

श्रावणी सोमवार होता. बकुळाने जप संपवला, कुरकुरणाऱ्या पोरीला वेढा चाटवला, घरात झोळीत निजवलं आणि बांधाला खुरपं घेऊन बसली. दुपार झाली तरी पोर उठेना. ओला पदर तळपायांना लावला, तोंडाशी दूध धरलं, ओठ हलेनात. बकुळाने हाका मारल्या. शेजारच्या सुजितने रिक्षा काढली, किर्तीला फोन केला.

बदलापुरात दवाखान्याच्या बाकाशी किर्ती धापा टाकत आली.

“आई, काय दिलंत तिला?”

“एकच वेढा गं. देवाशप्पथ.”

“एक मीपण देऊन गेले होते. म्हटलं, तुम्हाला जरा शेतात बसता येईल.”

“सांगायचं तरी!”

“तुम्ही जपाला बसला होतात. कशाला मोडू?”

“अगं, देव काय माझं कान धरून बसला व्हता?”

डॉक्टरीणबाई ओरडल्या नाहीत. “वेळेत आणलीत. यापुढे जायफळ फक्त श्रीखंडात,” एवढंच म्हणाल्या.

ऊन उतरता उतरता राजसीने असा टाहो फोडला की कंपाउंडर धावत आला. किर्ती डोळे पुसत म्हणाली, “रड गं बाय, रड.”

“उद्यापासून वेढा नाय,” बकुळा म्हणाली. “रडली तर मी उचलीन. शबूद देते.”

“आणि बेणणी?”

“बेणणी काय पळून जाते?”

दुसऱ्या दिवशी किर्ती पिशवी घेऊन दारात उभी. पाय निघेना. नजर कोपऱ्यात गेली, तिथे सहाण नव्हती. धुतलेली सहाण देव्हाऱ्यापुढे होती, वर चंदनाचं खोड.

“जा तू. शेठ खाडा मांडंल.”

ती वळली नाही तोच राजसीने सूर लावला. बकुळाने झोळीचं लुगडं आणि दोर काखेत मारला, पोर कडेवर घेतली, खुरपं कमरेला खोचलं आणि रडणं ऐकत ऐकत बांधावरच्या करंजाकडे चालू लागली.