भोंगेसाहेबांचा लॅपटॉप

"याच्यावर लिनक्स पळेल ना?"

"पळेल काय काका, उडेल!" दुकानदार म्हणाला.

भोंगेसाहेबांनी खिशातून पेनड्राइव्ह काढून काउंटरवर ठेवला. "मग दाखवा उडवून. यातून चालू करा."

दुकानदाराचा चेहरा जरा उतरला. गिऱ्हाईक रंग विचारतं, बॅटरी विचारतं, फार तर बॅग फुकट मिळेल का विचारतं. विंडोज सोडून आपलं लिनक्स खिशात घालून फिरणारं गिऱ्हाईक त्याने पाहिलं नव्हतं. पण दुकान रिकामं होतं आणि गिऱ्हाईक काउंटरवरून हलायला तयार नव्हतं, म्हणून त्याने पेनड्राइव्ह लावला. पडदा उजळला. वायफाय लागलं. कीबोर्ड चालला. भोंगेसाहेब खोकले तशी माइकची हिरवी पट्टी हलली. बत्तीस जीबी मेमरी होती, ग्राफिक्स कार्डही वेगळं होतं. मेहुण्याने सांगितलेलं सगळं जिथल्या तिथे होतं. भोंगेसाहेबांना बऱ्याच दिवसांनी हसू येऊ लागलं. मग त्यांनी स्पीकरची चाचणी लावली. पडद्यावरची रेघ पुढे सरकत राहिली आणि आवाज म्हणून काही आला नाही.

"मॉडेल नवं आहे ना, तुमच्या लिनक्सला याचा स्पीकर अजून ओळखता येत नसेल," दुकानदार म्हणाला. "येईल महिन्या-दोन महिन्यांत. बाकी मशीन दणदणीत आहे."

"मुकं आहे आणि दणदणीत?"

"हेडफोन लावा की काका."

भोंगेसाहेबांनी पेनड्राइव्ह उपसला आणि तरातरा बाहेर पडले. महिना-दोन महिने म्हणे! त्यांच्याकडे तेवढा वेळ असता, तर ते या उन्हात दुकानांचे उंबरठे झिजवत कशाला हिंडले असते?

भोंगे हे काही त्यांचं आडनाव नव्हे. बसस्टँडवर, चौकशीच्या खिडकीमागच्या खोलीत माइकसमोर बसून गाड्या पुकारण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली होती. ड्रायव्हर-कंडक्टरांनी त्यांना भोंगा म्हणायला सुरुवात केली, आणि केस पांढरे झाले तसं पुढे साहेब आपोआप चिकटलं. आवाजच तसा होता. "फलाट क्रमांक चारवर उभी असलेली जलद गाडी" एवढं त्यांनी म्हटलं, की बाकावर घोरणारा माणूस उठून पिशवी चाचपायला लागायचा. त्या आवाजाला आता गळ्यातल्या गाठीने धरलं होतं. डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नव्हता. स्वरयंत्र काढावं लागेल, जीव राहील, आवाज जाईल. तारीखही देऊन टाकली होती.

स्पीच थेरपीच्या बाईंनी त्याच दिवशी त्यांना आपल्या खोलीत बसवून घेतलं. "ऑपरेशनच्या आधी तुमचा आवाज भरून ठेवा. पडद्यावर वाक्यं येतील, ती वाचायची. पुढे तुम्ही टाइप कराल आणि लॅपटॉप तुमच्या आवाजात बोलेल. प्रोग्रॅम फुकट आहे. फक्त तो लिनक्सवरच चालतो आणि मशीन ताकदीचं मागतो. पण तुमचा आवाज तुमच्याच घरात राहतो, कुठल्या कंपनीकडे जात नाही."

"घरात बोलता येईल त्याने?"

"घरातच तर बोलायचंय तुम्हाला."

हे वाक्य भोंगेसाहेबांनी घट्ट धरून ठेवलं. स्टँडचं त्यांना काही वाटत नव्हतं. तिथे उद्या दुसरा कुणी बसेल. पण घरात ते आणि बायको अशी दोनच माणसं. त्यातलं एक कायमचं गप्प झालं तर उरलेल्या एकाने भिंतीशी बोलायचं का? बायकोशी माणसासारखं बोलता आलं पाहिजे, एवढी एकच गोष्ट त्यांना हवी होती.

आणि तरी लॅपटॉप काही घरी येईना. मेहुणा एका कारखान्यातले संगणक सांभाळायचा. तो म्हणाला, "भावजी, सोळा जीबीत भागेल, पण बत्तीस घ्या. ग्राफिक्स कार्ड बघून घ्या. आणि घेण्याआधी तिथल्या तिथे लिनक्स चालू करून बघा, नाहीतर नंतर डोकं धराल." एवढं पुरेसं होतं. पण भोंगेसाहेबांनी शेजाऱ्याला विचारलं, बँकेतल्या कारकुनाला विचारलं, इंटरनेटवर तर अनोळखी लोकांची भांडणं वाचत बसले. एकाचा पंखा फार वाजतो, दुसऱ्याची बॅटरी बसते, तिसरा झाकण लावलं की पुन्हा जागाच होत नाही. नमनालाच घडाभर तेल गेलं. पसंत करून दुकानाचा जिना उतरायचे, शेवटच्या पायरीवर थांबायचे आणि तसेच घरी यायचे. घरी आल्यावर बसायचे नाहीत. खिडकी उघडायचे, लावायचे, चार्जर नसलेल्या कोपऱ्यात फोनचा चार्जर शोधायचे.

एका दुपारी बायकोचा बांध फुटला. "अहो, लग्नाला होकार द्यायला तुम्ही इतका वेळ लावला नव्हतात."

"तेव्हा अक्कल नव्हती."

"ती आता तरी कुठं आलीय? त्या बाई सारख्या फोन करतायत. एक वाक्य तरी भरलं का, म्हणून विचारतात. मी काय सांगू त्यांना?"

"मशीन चुकीचं निघालं म्हणजे? ऐन वेळी अडलं म्हणजे?"

"आणि घेतलंच नाही म्हणजे?"

भोंगेसाहेब खुर्चीत बसले. त्यांचा आवाज आधीच बसलेला होता, तो आणखी खाली गेला. "अगं, ते घेतलं की मग राहिलं काय? सुरी तेवढी राहिली."

इतके दिवस जीबी-जीबी करणाऱ्या नवऱ्याच्या पोटात काय होतं, ते तिला तेव्हा कळलं. तिला गलबलून आलं. पण रडत बसायला सवड नव्हती, म्हणून तिने पायात चपला सरकवल्या. "उठा. तो पेनड्राइव्ह घ्या."

मेहुण्याच्या ओळखीचं जुन्या लॅपटॉपचं दुकान होतं. कुठल्याशा मोठ्या कार्यालयाने वापरून काढून टाकलेला एक जाडजूड काळा लॅपटॉप तिथे होता. भोंगेसाहेब प्रोसेसरची पिढी विचारू लागले, तसं तिने त्यांना हाताने बाजूला सारलं.

"त्यात लिनक्स लावा," ती दुकानदाराला म्हणाली, "आणि हा बोलतो का ते दाखवा."

लॅपटॉप बोलला. खणखणीत बोलला. मेमरीही बत्तीसच निघाली.

"बांधा," ती म्हणाली.

मेहुण्याने त्याच संध्याकाळी सगळं बसवून दिलं. वाक्यं भरायला आता थोडेच दिवस उरले होते, आणि गळा सकाळचा तासभरच साथ द्यायचा. भोंगेसाहेब मागच्या खोलीत दारं-खिडक्या लावून बसायचे. माइक समोर आला की त्यांची पाठ सरळ व्हायची, हनुवटी वर जायची. "आज हवा जरा गार आहे." "मला थोडं पाणी हवं आहे." "तू कधी येणार आहेस?" एकेक अक्षर स्वच्छ, कुठे घाई नाही. दुखऱ्या गळ्यातून त्यांनी तो आवाज कसा ओढून काढला, ते त्यांचं त्यांना माहीत. मध्येच बाहेर काही वाजायचं आणि ते बटण दाबलेलं विसरून ओरडायचे. "अगं, दार लोट! ती बादली आत्ताच आपटायची होती का? नळ, नळ बंद कर, किती वेळा सांगू?" मग कपाळाला हात लावून ते वाक्य रद्द करायचे आणि पुन्हा पहिल्यापासून भरायचे. बाईंनी नमुना ऐकला आणि खूश झाल्या. इतकं स्वच्छ भरलेलं आपण कधी ऐकलं नाही, म्हणाल्या.

ऑपरेशन झालं. ठरल्याप्रमाणे जीव राहिला.

घरी आल्यावर, जरा बसायची ताकद आल्यावर, भोंगेसाहेबांनी लॅपटॉप मांडला. एका बोटाने टाइप केलं आणि बटण दाबलं.

"अगं, जरा इकडे ये," लॅपटॉप म्हणाला.

बायको ओल्या हातांनी आली आणि दारातच थबकली. तिने पदर सारखा केला. "कोण आलंय?"

त्यांनी हसून स्वतःकडे बोट केलं. "मला थोडं पाणी हवं आहे," लॅपटॉप म्हणाला. तिने पाणी आणलं, पाहुण्याला द्यावं तसं, खाली ताटली धरून.

पुढचे काही दिवस असेच गेले. लॅपटॉप बोलायचा, बायको "हो" म्हणायची आणि सांगितलेलं करायची. उलट उत्तर नाही, कुरकुर नाही. बाहेरच्याला वाटलं असतं, काय सुखाचा संसार आहे! भोंगेसाहेबांना मात्र चैन पडेना. भांडण काढावं म्हणून त्यांनी मुद्दाम मेहुण्याला नावं ठेवली. त्यावरही ती "हो" म्हणाली. तेव्हा ते घाबरले. पाटीवर लिहून त्यांनी विचारलं, काय झालंय?

तिने पाटी वाचून खाली ठेवली. मग म्हणाली, "राग मानू नका. आवाज तुमचाच आहे. पण तो स्टँडवरचा आहे. तो बोलला की मला वाटतं, आपली गाडी सुटणार. त्याच्याशी भांडायचं कसं? घरात तुम्ही असे कधी बोललात? घरात तर नुसते खेकसायचात."

भोंगेसाहेबांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला, आणि तो उजेड काही सुखाचा नव्हता. माइक दिसला की पाठ सरळ करायची त्यांच्या देहाला सवयच होती. दुसऱ्या कुणाच्या हातून ही चूक झाली नसती. स्टँडवर तर कुणीही चाललं असतं, आणि त्यांनी जपून ठेवला तो नेमका स्टँडवरचा माणूस. घरचा माणूस ऑपरेशनच्या टेबलावर राहिला. त्यांना इतकं वाईट तर गाठ सापडली तेव्हाही वाटलं नव्हतं. त्यांनी पाटीवर लिहिलं, "तो गेला." आणि पाटी पालथी घातली.

बायकोने पाटी उलटून वाचली. "मग ते कुठं गेलं? वाक्यं भरताना माझ्यावर ओरडत होतात ते?"

त्यांनी हाताने पुसून टाकल्याची खूण केली.

रविवारी मेहुणा आला, तेव्हा तिने त्यालाही तेच विचारलं. तो खुर्ची ओढून बसला आणि लॅपटॉपमध्ये शोधत राहिला. "भावजी, हा प्रोग्रॅम काही पुसत नाही. रद्द केलेलं वेगळं काढून ठेवतो." त्याने एक बटण दाबलं.

"अगं, दार लोट!"

बायको उठली आणि तिने खरोखरच दार लोटलं. मग कडीवर हात ठेवून तशीच उभी राहिली, पाठमोरी. मेहुण्याने पुढचं लावलं नाही.

"फार थोडं आहे," जरा वेळाने तो म्हणाला. "आणि सगळं खेकसणंच आहे. यातून नवा आवाज जमला तर जमला."

दिवसभर लॅपटॉप राबत होता. पंखा घोंघावत होता, तळ तापला होता. मेहुणा दोनदा म्हणाला, "बघा, सोळावर भागवलं असतं तर आज बसलो असतो." भोंगेसाहेब खिडकी ते दार आणि दार ते खिडकी चकरा मारत होते. उन्हं कलली तेव्हा पंखा थांबला. मेहुण्याने खुर्ची रिकामी केली. काय टाइप करावं ते भोंगेसाहेबांना सुचेना, म्हणून त्यांनी "आज जेवण छान झालं होतं" असं टाइप केलं.

लॅपटॉप ते वाक्य वसकन अंगावर आल्यासारखं बोलला. आवाज घोगरा, घाईचा, शेवटचं अक्षर निम्मं गिळलेला. जेवणात कुणी खडा घातला असता तर भोंगेसाहेब जसे बोलले असते, तसंच ते वाक्य आलं.

बायको खळखळून हसली. हसता हसता खाली बसली, डोळे पुसत म्हणाली, "हं. आले एकदाचे."

बाईंना हा नवा आवाज ऐकवला तेव्हा त्या काळजीत पडल्या. हा फार चिडका येतोय, म्हणाल्या, थोडा मऊ करून बघता येईल.

"नको बाई," बायको म्हणाली, "त्याला हात लावू नका."

त्यानंतर घरात भांडणं पुन्हा सुरू झाली. फक्त ती आता सावकाश व्हायची. भोंगेसाहेबांचं बोट अक्षर शोधेपर्यंत तिचं निम्मं काम उरकायचं.

एका दुपारी ती आत भांडी घासत होती. भोंगेसाहेब बराच वेळ लॅपटॉपसमोर नुसते बसून होते. मग त्यांनी टाइप केलं. गळा होता तेव्हा हे वाक्य काही त्यांच्या तोंडून निघालं नव्हतं. त्यांनी बटण दाबलं.

"दमलीस का गं?" लॅपटॉप खेकसला.

आतून तसंच उत्तर आलं. "दमले तर काय कराल? भांडी घासाल?"

ते उत्तर टाइप करायला लागले. पूर्वी तिचं वाक्य संपायच्या आत त्यांचं उत्तर तयार असायचं. आता एक अक्षर चुकलं, ते खोडलं, दुसरं सापडेना. बोट कीबोर्डवर फिरत राहिलं. आतला नळ बंद झाला. हात पुसत ती बाहेर आली आणि त्यांच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. वाक्य पडद्यावर निम्मं उमटलं होतं, मान जरा वाकवली असती तर तिला ते वाचता आलं असतं. ती खिडकीबाहेर बघत राहिली. ते बोलेपर्यंत ती थांबली.